व्हेट व्हायचंय? ब्रिटनमधल्या मोफत निवासी समर स्कूलचा अर्ज वेळेत आणि नीट कसा करावा

ब्रिटनमध्ये सरकारी शाळेत शिकणाऱ्या आणि पशुवैद्यक व्हायची इच्छा असलेल्या मुलांसाठी दर उन्हाळ्यात मोफत निवासी समर स्कूल भरतात. काही दिवस विद्यापीठात मुक्काम असतो. जेवणखाण, शिकवणं आणि येण्याजाण्याचा खर्चही आयोजक करतात. तरीही ओळखीपाळखीतल्या मराठी घरांतली मुलं तिथे फारशी दिसत नाहीत आणि त्याचं कारण गुण नसतात. कुणी अर्ज चुकीच्या वर्षी करतं, कुणी करतच नाही. कुणाच्या घरचे संकोचापोटी नेमकी तीच माहिती फॉर्ममध्ये भरत नाहीत, जिच्यावर निवड ठरते.

हा लेख आईबाबांसाठी आहे. अर्ज मात्र मुलानं किंवा मुलीनं स्वतः भरायचा आहे. तुमचं काम तारखा, कागदपत्रं आणि प्रवास सांभाळण्याचं.

यातला सर्वांत मोठा कार्यक्रम सटन ट्रस्ट या संस्थेचा. ही संस्था देशभरातल्या विद्यापीठांबरोबर वेगवेगळ्या विषयांच्या समर स्कूल चालवते आणि लंडनचं रॉयल व्हेटरिनरी कॉलेज, म्हणजे आरव्हीसी, त्यातलं एक भागीदार आहे. कोणत्या उन्हाळ्यात कुठे कोणता विषय आहे, हे त्या वर्षीच्या यादीत पाहायचं. मागच्या वर्षीची यादी धरून बसू नका. स्कॉटलंडमध्ये रीच नावाचा सरकारी पाठबळाचा कार्यक्रम पशुवैद्यकालाही लागू आहे. तो निवासी नाही आणि ठरावीक शाळांमार्फतच चालतो, त्यामुळे तिथे पहिली विचारणा शाळेत करावी.

## १. आधी वर्ष मोजा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच बुडतात. सटन ट्रस्टची समर स्कूल इंग्लंड आणि वेल्समध्ये इयर १२ च्या मुलांसाठी असते. स्कॉटलंडमध्ये हेच वर्ष एस५, उत्तर आयर्लंडमध्ये इयर १४ च्या आधीचं, म्हणजे इयर १३. अर्ज साधारणपणे नाताळच्या सुट्टीनंतर उघडतात आणि वसंत ऋतू लागता लागता बंद होतात. प्रत्यक्ष मुक्काम जुलै-ऑगस्टात होतो.

उन्हाळ्यात चौकशी सुरू केली की मूल इयर १३ च्या उंबरठ्यावर असतं, आणि पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही.

हिशेब असा लावा. इयर ११ च्या शेवटी ए-लेव्हलचे, म्हणजे पुढच्या दोन वर्षांचे, विषय ठरतात. बहुतेक व्हेट स्कूलना जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही लागतात. रसायनशास्त्र अवघड जातं म्हणून इथे सोडून दिलं, तर पुढचे बहुतेक रस्ते तिथेच बंद होतात. इयर १२ च्या सप्टेंबर ते डिसेंबरात प्राण्यांसोबतचा थोडा अनुभव आणि त्याची वही. जानेवारीत अर्ज. उन्हाळ्यात समर स्कूल. त्यानंतर लगेच युकॅसचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेचा, अर्ज, कारण पशुवैद्यकाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर असते. इतर बहुतेक अभ्यासक्रमांना जानेवारीपर्यंत मुदत मिळते, व्हेटला नाही.

सावधान: भारतात जायची तिकिटं डिसेंबर-जानेवारीतच स्वस्त मिळतात म्हणून जुलै-ऑगस्टची तिकिटं आधीच काढली जातात. मग निवड होते आणि मुलगी त्या आठवड्यात पुण्यात असते. मूल इयर १२ मध्ये असेल तर त्या उन्हाळ्याची तिकिटं निकाल येईपर्यंत काढू नका. काढायचीच असतील तर तारीख बदलता येईल अशी काढा.

## २. पात्रता: आपण यात बसतो का, हे कागदावर उतरवा

या समर स्कूल 'अंडर-रिप्रेझेंटेड', म्हणजे विद्यापीठांत कमी दिसणाऱ्या गटांतल्या, मुलांसाठी असतात. हा शब्द ऐकला की आपल्याकडे दोन उलट गैरसमज होतात. काहींना वाटतं की भारतीय वंशाचे आहोत, म्हणजे आपोआप बसतो. काहींना वाटतं की ही गरिबांसाठीची मदत आहे, आपण कशाला मागायची. दोन्ही चूक. निवड बऱ्याच निकषांची बेरीज करून होते आणि वंश हा त्यातला फार तर एक भाग असतो. एक कागद घ्या आणि पुढच्या गोष्टी एकेक करून लिहा.

शाळा. ही जवळपास अट आहे. सरकारी निधीवर चालणारी शाळा किंवा कॉलेज लागतं. ग्रामर स्कूलही सरकारीच, त्यामुळे ती चालते. फी भरून शिकायची खासगी शाळा चालत नाही. भारतात खासगी शाळेत शिकून मधल्या इयत्तेत इथे आलेल्या मुलांनी आपली सगळी शालेय वाटचाल लिहून आयोजकांना ईमेल करावा आणि लेखी उत्तर ठेवावं.

घरात विद्यापीठात गेलेलं कुणी आहे का. प्रश्न बहुधा आईवडिलांबद्दल असतो. मोठी बहीण लेस्टरला शिकते म्हणून हा निकष हातचा जाईलच असं नाही, प्रश्नाचे शब्द नीट वाचा. पण आईचं बी.कॉम. सोलापूरला झालं असेल तर ती पदवी आहे, भारतातली म्हणून ती पुसली जात नाही. उलट वडिलांचं शिक्षण बारावीपर्यंत किंवा आयटीआयपर्यंत झालं असेल तर तसं स्पष्ट सांगा. लाजून 'डिप्लोमा वगैरे' असं मोघम लिहू नका. हा निकष बराच वजनदार असतो.

फ्री स्कूल मील्स. इथे उत्पन्नावर आधारित मोफत जेवण धरतात. लहान वर्गांत, इयर २ पर्यंत, सगळ्यांनाच मिळणारं जेवण यात येत नाही. व्हिसावर सरकारी निधी मिळणार नाही असा शेरा असला, तरी ठरावीक उत्पन्नाखालच्या अशा कुटुंबांच्या मुलांनाही आता इंग्लंडमध्ये हा लाभ मिळू शकतो. बऱ्याच घरांना हे माहीत नसतं. शाळेच्या ऑफिसात विचारा, आणि पूर्वी कधी मिळालं असेल तर कोणत्या वर्षांत, ते लिहून घ्या.

पत्ता. त्या भागातून किती मुलं विद्यापीठात जातात, यावरून पोस्टकोडचे गट पाडलेले असतात. लंडनमधून विद्यापीठात जाणाऱ्यांचं प्रमाण मुळात जास्त, म्हणून घर कितीही लहान असलं तरी लंडनचे फार थोडे पत्ते खालच्या गटात येतात. मिडलंड्समधल्या किंवा किनारपट्टीच्या गावांतले पत्ते अधिक येतात. अंदाज करू नका, पोस्टकोड टाकून तपासा.

इतर परिस्थिती. घरात कुणाची शुश्रूषा मूल करत असेल, मूल केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखभालीत, राहिलं असेल, अपंगत्व असेल, निर्वासित म्हणून आले असाल, तर हे विचारलं जातं. आजीला स्मृतिभ्रंश आहे आणि शाळेतून आल्यावर नात तिला सांभाळते, याला आपण 'घरचंच काम' म्हणतो. इथे त्याला यंग केअरर म्हणतात आणि शाळेतही त्याची नोंद करता येते. अशी नोंद केली तर अर्जालाच नव्हे, मुलीलाही आधार मिळतो.

व्हिसा आणि फी. समर स्कूल मोफत असली तरी पुढची पदवी मोफत नाही. इंग्लंडमध्ये होम फीसाठी साधारणपणे कायम वास्तव्याचा परवाना आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची सलग ३ वर्षं या देशातलं वास्तव्य लागतं. तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल आणि आयएलआर, म्हणजे हाच कायम वास्तव्याचा परवाना, मिळायला वेळ असेल, तर मुलाला आंतरराष्ट्रीय फी लागू शकते, आणि व्हेटची ती फी बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची असते. आयएलआर कधी मिळेल आणि कोर्स कधी सुरू होईल या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. समर स्कूलच्या वास्तव्याच्या अटीही याच वेळी वाचून घ्या.

तपासा: वरच्या प्रत्येक ओळीपुढे 'हो', 'नाही' किंवा 'विचारायचं' लिहून झालं का? 'विचारायचं' असलेल्या ओळी नोव्हेंबरमध्येच निकाली काढा. जानेवारीत शाळेचं ऑफिस पूर्वपरीक्षांत गुंतलेलं असतं.

## ३. प्राण्यांसोबतचा अनुभव: थोडा पुरतो, पण लिहिलेला हवा

समर स्कूलसाठी मोठ्या अनुभवाची अट नसते. ज्यांच्या ओळखीत व्हेट नाही अशा मुलांसाठीच तर ती आहे. पण काहीतरी पाहिलेलं असलं की अर्जातली वाक्यं जिवंत होतात, आणि हाच अनुभव पुढे युकॅसलाही लागतो.

शहरात राहणाऱ्यांनी सिटी फार्मपासून सुरुवात करावी. लंडनमध्ये मडशूट आणि हॅकनी इथे असे फार्म आहेत आणि मोठ्या शहरांत इतरत्रही मिळतात. मांजरांची बोर्डिंग, कुत्र्यांचं केनेल, घोड्यांचा तबेला, पेट शॉप, सगळं चालतं. व्हेटच्या दवाखान्यात मात्र विम्याच्या कारणानं अनेक ठिकाणी १६ किंवा १८ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. दहा ठिकाणी ईमेल केल्यावर एका ठिकाणाहून होकार येतो आणि त्यात मुलाची काही चूक नसते, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडे एक जमेची बाजू असते, तिचा उपयोग कुणी करत नाही: गावाकडचा गोठा. डिसेंबरात साताऱ्याला किंवा परभणीला जाणार असाल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात परवानगी मागून एकदोन सकाळी उभं राहू द्या. लाळ्या-खुरकुताचं लसीकरण, कृत्रिम रेतन, शेळीचं जंतनिर्मूलन, म्हशीचा कासदाह, हे सगळं तिथे रोजचं असतं. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पीची साथ आली तेव्हा गोवंशाला शेळ्यांच्या देवीवरची लस टोचली गेली. एका रोगाची लस जवळच्या दुसऱ्या रोगावर का चालते, हे ज्या मुलीनं तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तिच्याकडे लिहायला खरं काही आहे.

वही अशी ठेवायची: तारीख, जागा, कोणता प्राणी, डॉक्टरांनी काय केलं, का केलं, मला काय कळलं नाही, घरी येऊन मी काय वाचलं. शेवटच्या दोन रकान्यांशिवाय ती नुसती हजेरी होते.

सावधान: गोठ्यात वापरलेले बूट तसेच बॅगेत घालून इंग्लंडला आणू नका. भारतात लाळ्या-खुरकूत आहे, ब्रिटनमध्ये नाही, आणि २००१ च्या साथीत इथली लाखो जनावरं मारावी लागली. बूट घासून धुवा, निर्जंतुक करा. परतल्यावर लगेच इथल्या फार्मवर जायचं असेल तर परदेशात जनावरांजवळ होतो हे आधी सांगा, ते किती दिवस थांबायचं ते सांगतील. आजीनं दिलेलं लोणी, तूप आणि पेढेही भारतातून इथे आणता येत नाहीत, दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांना मनाई आहे. व्हेट व्हायला निघालेल्या मुलीला यामागचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं.

## ४. कागदपत्रं आणि शिक्षक

हे काम छोटं आहे, पण अडून बसतं.

जीसीएसईचे निकाल विषयवार लिहून ठेवा. इयर ११ परदेशात झालं असेल तर मूळ गुणपत्रिका लागेल. ए-लेव्हलचे चालू विषय आणि अपेक्षित श्रेणी शाळेकडून घ्या. मुलाचा स्वतःचा ईमेल लागतो आणि तो शाळेचा नसावा, कारण शाळेची मेलप्रणाली कधीकधी बाहेरची पत्रं अडवते. वडिलांचा ईमेल दिलात तर निवडीचं पत्र ऑफिसच्या शंभर मेलखाली गाडलं जाईल.

शाळेकडून पडताळणी किंवा शिफारस मागितली जाते. कुणाचं नाव द्यायचं ते मुलानं त्या शिक्षकांना आधी भेटून विचारावं. न सांगता नाव दिलं की त्यांना अनोळखी मेल जातो, तो उघडला जात नाही आणि अर्ज अपुरा राहतो. भेटताना पायरी २ चा कागद सोबत न्यावा. घरची परिस्थिती शिक्षकांना बरेचदा ठाऊक नसते.

## ५. निवेदन लिहिताना

या छोट्या निवेदनावर घरातले सगळे हात फिरवतात आणि ते बिघडतं. काकांनी सुचवलेला सुविचार, एआयकडून लिहून घेतलेला परिच्छेद आणि आईनं घातलेली बक्षिसांची यादी एकत्र आली की वाचणाऱ्याला मूल दिसेनासं होतं.

नेहमी येणारी सुरुवात अशी असते:

"मला लहानपणापासून प्राण्यांवर खूप प्रेम आहे. मी मेहनती आणि जिद्दी आहे. मला गणित स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं आहे."

हे खोटं नाही, पण यातलं कुठलंही वाक्य दुसऱ्या कुणाच्याही अर्जात बसेल. हीच मुलगी असंही लिहू शकते:

"डिसेंबरात आजोळी एका म्हशीच्या चारही सडांचं दूध चार कप्प्यांच्या थाळीत वेगवेगळं काढून त्यात द्रावण घातलेलं मी पाहिलं. एका कप्प्यातलं दूध लगेच घट्ट झालं. डॉक्टरांनी फक्त त्याच सडात औषध सोडलं, पण चारही सडांचं दूध काही दिवस डेअरीला घालू नका असं सांगितलं. मामा नाराज झाले. तीन सड चांगले असताना ते दूध का टाकायचं, हे मला समजून घ्यायचं होतं."

इथे निरीक्षण आहे, अडचण आहे, मामांच्या खिशाचा प्रश्न आहे आणि पुढे वाचण्याची ओढ आहे. औषधाचा अंश रक्तावाटे बाकीच्या सडांतही उतरू शकतो, हे उत्तर तिला पुढच्या दोन ओळींत देता येईल. गाव नसेल तर सिटी फार्मवरच्या शेळीचे खूर कापतानाही असाच प्रश्न पडू शकतो.

निवेदनात तीन गोष्टी आल्या की पुरे: कशानं कुतूहल जागं झालं, त्यापुढे स्वतःहून काय केलं आणि या आठवड्यातून काय हवं आहे. तिसरी गोष्ट सहसा राहूनच जाते. "आमच्या शाळेतून कुणी व्हेटला गेलेलं नाही, त्यामुळे मुलाखत कशी असते हे विचारायला माझ्याकडे कुणी नाही" असं एक साधं वाक्य तिथे फार बोलकं ठरतं. यात रडगाणं नाही, ही माहिती आहे, आणि निवड करणाऱ्यांना तीच हवी असते.

तपासा: निवेदन मोठ्यानं वाचायला सांगा. मुलीनं रोजच्या बोलण्यात कधी न वापरलेला शब्द आला तर तो काढा. शब्दमर्यादा ओलांडली असेल तर आधी विशेषणं जाऊ द्या, प्रसंग ठेवा.

## ६. अर्ज पाठवताना

शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी पाठवा. शाळेला पडताळणीसाठी वेळ लागतो, आणि मधे फेब्रुवारीची हाफ टर्म आली तर शिक्षक भेटत नाहीत.

पसंतीक्रम देताना नुसतं लंडन बघून देऊ नका. पशुवैद्यक पहिल्या पसंतीला ठेवा, आणि दुसरी पसंती मागितली असेल तर जीवशास्त्र किंवा प्राणीविज्ञानासारखा जवळचा विषय द्या. पहिलं व्हेट आणि दुसरं अर्थशास्त्र असं दिसलं की निवेदनातला जोर ओसरतो. 'सगळीकडे डॉक्टरकीच' म्हणून मेडिसिन दुसरं ठेवायचा मोहही आवरा. माणसांच्या डॉक्टरकीत जागा मिळाली नाही म्हणून जनावरांकडे वळलेली मुलगी, अशी शंका कुणाला यायला नको.

पाठवल्यावर पोचपावतीचा मेल जपून ठेवा. दोन आठवड्यांनी मुलानं शिक्षकांना नम्रपणे विचारावं की त्यांच्याकडे मेल आला का.

## ७. निवड झाल्यावर, निघण्यापूर्वी

जागा स्वीकारायची मुदत थोडी असते. पालकांच्या संमतीचा फॉर्म, आरोग्याची माहिती आणि आहाराची माहिती त्याच मुदतीत द्यावी लागते.

आरोग्याचं काही लपवू नका. दमा, मांजराच्या किंवा घोड्याच्या केसांची ॲलर्जी, चक्कर यायची सवय, चिंतेवर चालू असलेली औषधं, सगळं लिहा. यावरून जागा काढून घेत नाहीत, त्यानुसार सोय करतात. धनुर्वाताची लस झाली आहे का ते जीपीकडून पाहून घ्या. 'शाकाहारी' लिहिताना अंडं चालतं की नाही तेही लिहा, नाहीतर न्याहारीला पंचाईत होते. मुक्काम श्रावणात आला आणि उपास असेल तर तो आठवडा सोडलेला बरा, उपाशीपोटी शवविच्छेदनाच्या दालनात उभं राहणं धोक्याचं आहे.

मुलगी एकटी राहणार, ही काळजी अनेक घरांत असते आणि ती रास्त आहे. सहभागी १८ वर्षांखालचे असल्यामुळे रात्रीची देखरेख, खोल्यांची व्यवस्था आणि संपर्काचा नंबर याबद्दल आयोजक लेखी माहिती देतात. ती मागा, वाचा, शंका फोन करून विचारा. पण "मी पण जवळच्या हॉटेलात राहते" असं करू नका. घरापासून दूर राहून शिकायची सवय हाही या आठवड्याचा भाग आहे.

सामान: पाय पूर्ण झाकणारे मजबूत बूट, धुता येतील असे जुने कपडे, केस बांधायला रबर, रेनकोट, वही, नेहमीची औषधं मूळ डबीत. अंगठ्या, लांब कानातली, बांगड्या, खोटी नखं घरी ठेवा. मनगटावरचा गंडादोरा काढायचा नसेल तर आधी सांगा, कारण जनावरं हाताळताना कोपरापर्यंत हात मोकळे ठेवायला सांगतात. वेलिंग्टन आणि बॉयलरसूट बहुधा तिथे मिळतात, यादी पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. प्रवासाची तिकिटं कशी काढायची आणि पावत्या कुठे द्यायच्या हेही त्याच पत्रात असतं. मनानं महागडं तिकीट काढलं तर पैसे परत मिळतीलच असं नाही.

## ८. त्या आठवड्यात

आरव्हीसीचे दोन परिसर आहेत, एक लंडनमध्ये कॅम्डनला आणि दुसरा हर्टफर्डशरमध्ये हॉक्सहेडला. मोठं प्राणी रुग्णालय आणि फार्म हॉक्सहेडच्या बाजूला. अशा आठवड्यात साधारणपणे व्याख्यानं, प्रयोगशाळा, जनावरं हाताळायचे धडे, विद्यार्थ्यांशी गप्पा आणि अर्ज-मुलाखतीची तयारी असते.

मुलाला आधीच सांगायच्या चार गोष्टी आहेत.

शवविच्छेदन पाहताना मळमळलं तर लगेच बाहेर यायचं आणि थोड्या वेळानं परत जायचं. अनेक चांगल्या व्हेटना पहिल्यांदा तसं झालेलं असतं.

कोकरं आणि वासरं दिसली की हात आपोआप जातो. त्यांच्याकडून क्रिप्टोस्पोरिडियम, ई. कोलायचा घातक प्रकार आणि गजकर्ण लागू शकतं. हात साबणानं धुतल्याशिवाय फोन आणि खाणं दोन्हीला शिवायचं नाही. जेल पुरत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम त्यानं मरत नाही.

प्रश्न विचारायचे. आपल्या मुलांना 'मोठ्यांमध्ये बोलू नये' हे इतकं शिकवलेलं असतं की ती मागच्या रांगेत गप्प बसतात. विद्यार्थ्यांना तर नक्की विचारावं: फी आणि खर्च कसा भागवता, शनिवारी काम करता का, पहिल्या वर्षी काय जड गेलं, मुलाखतीत काय विचारलं.

आणि रोज रात्री झोपण्याआधी वहीत दहा ओळी. घरी आल्यावर लिहू म्हटलं की दिवस एकमेकांत मिसळतात.

फोटोंबद्दल: रुग्ण जनावरांचे, मालकांचे किंवा विच्छेदनाचे फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. परवानगी विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचाच नाही.

## ९. परतल्यावर १५ ऑक्टोबरपर्यंत

समर स्कूल झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. काही विद्यापीठं तिथे सहभागी झालेल्यांना संदर्भीय प्रवेशात, म्हणजे घरची आणि शाळेची परिस्थिती पाहून दिल्या जाणाऱ्या प्रवेशात, विचारात घेतात. नेमका काय फायदा मिळतो ते प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर वाचा.

ऑगस्टच्या उरलेल्या दिवसांत हे उरका.

युकॅसवर पशुवैद्यकाच्या जास्तीत जास्त ४ जागा निवडता येतात, पाचवी दुसऱ्या विषयाची ठेवता येते. आरव्हीसी, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथे गेटवे वर्ष जोडलेले अभ्यासक्रम आहेत. एक वर्ष जास्त लागतं, लागणारी श्रेणी कमी असते आणि परिस्थितीचे निकष पाहिले जातात. समर स्कूलसाठी भरलेला पायरी २ चा कागद इथे पुन्हा उपयोगी पडतो. 'गेटवे म्हणजे कमीपणा' असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की शेवटी मिळणारी पदवी तीच असते. पात्र असाल तर चारातली एक जागा त्याला द्याच, हे माझं ठाम मत आहे.

पर्सनल स्टेटमेंट २०२६ च्या प्रवेशांपासून तीन प्रश्नांत विभागलं आहे: हा विषय का, अभ्यासातून तयारी कशी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. समर स्कूलची हकिगत तिसऱ्या प्रश्नात जाते, पण तिथे शिकलेलं विज्ञान पहिल्या किंवा दुसऱ्यात विणता येतं. 'मी समर स्कूलला गेले' यात काही नाही. तिथे कोणतं मत बदललं, ते लिहायचं.

प्रत्येक विद्यापीठाला किती तासांचा अनुभव लागतो, तो कधीपर्यंत पूर्ण व्हावा लागतो आणि वेगळी प्रश्नावली भरायची आहे का, याचा तक्ता करा. प्रश्नावलीचा दुवा बरेचदा युकॅसनंतर ईमेलनं येतो आणि मुदत थोडी असते. तो मेल न पाहिल्यानं चांगले अर्ज बाद होतात.

मुलाखती बहुतेक ठिकाणी छोट्या छोट्या थांब्यांच्या असतात, प्रत्येक थांब्यावर काही मिनिटं आणि नवा प्रश्न. गायींतला क्षय आणि त्याच्याशी जोडला जाणारा बॅजर हा रानटी प्राणी, ब्लूटंग हा गुराढोरांचा रोग, बर्ड फ्लू, प्रतिजैविकांचा अतिवापर, चपट्या नाकाच्या पग आणि फ्रेंच बुलडॉगची श्वासाची तक्रार, उपचार न परवडणारा मालक, हे विषय ठेवा. घरात मराठीत वाद घाला, मग तोच मुद्दा मुलाला इंग्रजीत मांडू द्या. दोन्ही बाजू मांडून मग आपलं मत सांगणं जमलं पाहिजे.

तपासा: शाळा युकॅस अर्ज पुढे पाठवण्याची स्वतःची तारीख ठरवते आणि ती १५ ऑक्टोबरच्या बऱ्याच आधी असते. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती विचारून घ्या.

## निवड झाली नाही तर

जागा थोड्या आणि अर्ज खूप, त्यामुळे नकार येऊ शकतो. प्रतीक्षा यादी असेल तर नाव ठेवा आणि फोन सुरू ठेवा, उन्हाळ्याच्या तोंडावर जागा रिकाम्या होतात. नॉटिंगहॅम विद्यापीठाचा फ्यूचरलर्नवरचा व्हेट होण्याविषयीचा ऑनलाइन कोर्स घरबसल्या करता येतो. व्हेट स्कूलचे ओपन डे मोफत असतात. ब्रिटिश व्हेटरिनरी एथ्निसिटी अँड डायव्हर्सिटी सोसायटी आहे, तिच्या कार्यक्रमांत आपल्यासारख्या घरांतून आलेले व्हेट भेटतात. गेटवे अभ्यासक्रमासाठी समर स्कूल झालेली असणं सक्तीचं नसतं, म्हणून नकारानंतर पायरी ९ सोडू नका.

## महाराष्ट्रातून वाचत असाल तर

या समर स्कूल ब्रिटनमधल्या शाळांत शिकणाऱ्यांसाठी आहेत. भारतातल्या विद्यार्थ्याला 'मोफत यूके व्हेट समर स्कूल' मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

तुमचा रस्ता बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. चा: बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी, मग नीट, मग नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे त्याची पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. नीटचा फॉर्म भरला म्हणजे पशुवैद्यकाचा अर्ज झाला, असं समजू नका. विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या समुपदेशनात पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते. जातप्रमाणपत्र, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवासाचा दाखला या चार कागदांना तहसीलदार कार्यालयापासून पडताळणी समितीपर्यंत महिने जातात. ते अकरावीतच काढायला घ्या.